चुकतमाकत मुरणारा तोंगबा

न्यू जलपायगुडी स्टेशन सोडून जीप तिस्ता नदीच्या काठाने वर चढू लागली की सिलिगुडीचा गजबजाट आणि सपाटीवरचे चहाचे मळे मागे पडतात. मेल्लीपाशी पूल ओलांडून सिक्कीममध्ये शिरायचे, मग रंगीत नदीच्या सोबतीने जोरथांग, लेगशिप, गेझिंग अशी गावे घेत पेलिंग गाठायचे. पूर्वी पेलिंगचा भाग पश्चिम सिक्कीम जिल्ह्यात मोडत असे. २०२१ च्या पुनर्रचनेनंतर जिल्ह्याचे नाव ग्यालशिंग झाले, पण वाटेवरच्या वळणांत आणि दऱ्यांत त्यामुळे काही फरक पडलेला नाही.

बहुतेक पर्यटक पेलिंगला येतात ते कांचनजंगा पाहण्यासाठी. पहाटे पाचला गच्चीवर कुडकुडत उभे राहायचे, ८,५८६ मीटर उंचीचे ते शिखर आधी गुलाबी आणि मग सोनेरी होताना बघायचे, दिवसा पेमायांत्से मठ, रबदेन्त्सेच्या राजवाड्याचे अवशेष आणि खेचिओपालरी तलाव उरकायचा आणि दुसऱ्या दिवशी गंगटोकचा रस्ता धरायचा, असा हा ठरलेला कार्यक्रम. पेलिंगहून आठेक किलोमीटर खाली दराप नावाचे गाव आहे. तिथे थांबणारे थोडे. जे थांबतात त्यांना संध्याकाळी एक वेगळेच सिक्कीम भेटते.

दराप हे मुख्यत्वे लिंबू समाजाचे गाव. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते, त्यांत मका आणि नाचणी, ओढ्याकाठच्या सावलीत मोठ्या वेलचीची झुडपे, लाकडी घरे आणि घराच्या मध्यभागी धुराने काळे झालेले स्वयंपाकघर. गावातली अनेक कुटुंबे पाहुण्यांना घरीच उतरवून घेतात. थंडी पडू लागली की चुलीपाशी पाहुण्यापुढे बांबूचे एक उभट भांडे येते. वर झाकण, झाकणाच्या भोकातून बाहेर आलेली बारीक बांबूची नळी. आत काठोकाठ तपकिरी दाणे. त्यावर किटलीतले गरम पाणी ओतले जाते आणि यजमानीण सांगते, "दहा मिनिटे थांबा. आणि नळीने ढवळू नका."

हाच तोंगबा. तोंगबा हे खरे तर भांड्याचे नाव, पण आता पेयालाही तेच नाव पडले आहे. आत असते ती आंबवलेली नाचणी, म्हणजे नाचणीची घरगुती बीअर. "ढवळू नका" ही यजमानिणीची सूचना वरवर साधी वाटते. पण तिच्यामागे किती पिढ्यांच्या बिघडलेल्या हंड्या आहेत हे कळले, तर पाहुणा ती दहा मिनिटे जरा आदराने थांबेल.

नाचणीच, पण भाकरीची नव्हे

सिक्कीममधल्या नेपाळी बोलीत नाचणीला कोदो म्हणतात. इथे मराठी माणसाची हमखास फसगत होते, कारण आपल्याकडे कोद्रा किंवा हरीक म्हणजे वेगळेच धान्य. सिक्कीमचा कोदो ही आपल्या कोकणातली, मावळातली नाचणीच. लाल-तपकिरी, मोहरीएवढी, तशीच हाताच्या बोटांसारखी कणसे येणारी. तिच्यापासून केलेल्या पेयाला नेपाळीत "कोदो को जांड" म्हणतात. भुतिया लोक त्याला छांग म्हणतात, लेपचा लोक ची म्हणतात. जितक्या जमाती तितकी नावे, पण पद्धत जवळपास सारखीच.

एकच धान्य दोन डोंगराळ मुलखांत किती वेगवेगळ्या वाटांनी गेले पाहा. आपल्याकडे नाचणीची भाकरी होते, आंबील होते, आणि बाळासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून तिचे सत्त्व करतात. मोड आलेल्या नाचणीची खीर पातळ होते आणि किंचित गोड लागते, हे प्रत्येक आईला माहीत असते. मोड येताना दाण्यात असे काही पाचक रस तयार होतात की ते पिठूळ भागाची साखर करू लागतात. युरोपात बीअर करताना सातूला मोड आणतात ते याच कारणासाठी. पिठूळ भागाची आधी साखर आणि मग साखरेचे मद्य, असा हा दोन पायऱ्यांचा प्रवास. यीस्टला साखर पचते, पीठ पचत नाही.

सिक्कीमच्या बायकांनी मात्र मोड आणण्याची वाट धरली नाही. त्या नाचणी सरळ शिजवतात. मग पिठाची साखर कोण करतो? त्याचे उत्तर चुलीच्या वरच्या माळ्यावर वाळत पडलेले असते.

माळ्यावरचे विरजण

गंगटोकच्या लाल बाजारात किंवा गावोगावच्या आठवडी हाटात भाजीच्या ढिगांशेजारी पांढुरक्या, चपट्या, बिस्किटासारख्या वड्या विकायला असतात. पर्यटकांना तो साबण वाटतो किंवा सुकवलेले चीज. तो असतो मर्चा. दह्याला विरजण तसा जांडेला मर्चा. भुतिया त्याला फाब म्हणतात, लिंबू खेसुंग म्हणतात.

मर्चा करणे हे प्रामुख्याने लिंबू आणि राई समाजातल्या स्त्रियांचे काम. तांदूळ भिजवून ढिकीत, म्हणजे पायाने चालवायच्या लाकडी मुसळाखाली, कांडायचे. त्यात काही रानवनस्पती, आले आणि लाल मिरची कुटून घालायची. या वनस्पतींत दोन तर आपल्या ओळखीच्या आहेत. एक चित्रकाचे मूळ, दुसरी सहदेवीची फुले. आयुर्वेदात वापरल्या जाणाऱ्या या वनस्पती तिथे विरजणात जातात. या सगळ्यात जुन्या मर्चाची थोडी पूड मिसळायची, पाणी घालून मळायचे आणि वड्या थापायच्या. स्वयंपाकघराच्या माळ्यावर नेच्याची ताजी पाने अंथरून त्यावर या वड्या मांडायच्या, वरून वाळलेला नेचा आणि गोणपाट. एक ते तीन दिवसांत वड्या फुगतात आणि त्यांना मद्यासारखा, फळासारखा वास सुटतो. मग दोन-तीन दिवस ऊन दाखवले की मर्चा तयार. नीट वाळवलेला मर्चा वर्षभर सहज टिकतो.

मिरची आणि आले कशाला, असे विचारले तर मर्चा करणाऱ्या बायका सांगतात की त्यामुळे काम बिघडवणारी भुते पळून जातात. शहरी पाहुणा यावर हसतो. पण सिक्कीम विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ प्रा. ज्योती प्रकाश तामांग यांनी हिमालयातल्या आंबवलेल्या पदार्थांचा आयुष्यभर अभ्यास केला आहे. त्यांच्या मते ही समजूत निराधार नाही. नको असलेल्या जंतूंची वाढ रोखण्याचेच काम हे मसाले करतात. भूत म्हणा की जंतू म्हणा, त्याने बिघडवलेल्या वड्या कुणीतरी कधीतरी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, म्हणून तर मिरची त्यात आली.

मर्चाची वडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर तीत एक छोटे गावच नांदताना दिसते. रायझोपस आणि म्युकर या जातींच्या बुरशा असतात, अनेक प्रकारची यीस्ट असतात आणि दह्यात असतात तसे आम्ल तयार करणारे जीवाणूही असतात. बुरशी आणि काही यीस्ट मिळून पिठाची साखर करतात, इतर यीस्ट त्या साखरेचे मद्य करतात, जीवाणू किंचित आंबटपणा आणतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून जे साधतात, ते इथे ही बुरशी साधून देते.

पहिली हंडी बिघडतेच

जांडेची कृती चार वाक्यांत सांगता येते. नाचणी धुऊन अर्धा तास शिजवायची, पाणी निथळायचे, बांबूच्या चटईवर पसरून निववायची आणि मर्चाची पूड मिसळायची. मग पाने अंथरलेल्या टोपलीत भरून वर पोती टाकून दोन-चार दिवस ठेवायची. गोड वास सुटला की मडक्यात भरून तोंड घट्ट बांधायचे. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी आणि थंडीत पाच-सात दिवसांनी जांड तयार.

एवढे ऐकून जी सून पहिल्यांदा हंडी घालते, तिची हंडी बहुधा बिघडते. कारण कृतीतल्या प्रत्येक शब्दापोटी एकेक खड्डा दडलेला आहे.

पहिला खड्डा शिजवण्यात. नाचणी कमी शिजली तर दाण्याच्या पोटात पीठ कच्चे राहते, बुरशीचा त्यात शिरकाव होत नाही आणि आठ दिवसांनीही पाण्याला चव येत नाही. जास्त शिजली तर तिचा लगदा होतो, दाण्यांमधून हवा खेळत नाही, सगळा गोळा आंबून चिकट होतो. दाणा बोटांत दाबला की फुटावा, पण चटईवर टाकला की सुटा राहावा, ही खूण. शेवटी नळीतून प्यायचे आहे, हेही लक्षात ठेवावे लागते. लगदा झालेली नाचणी नळी बंद करून टाकते आणि पाहुण्यासमोर फजिती होते.

दुसरा खड्डा घाईचा. वाफाळत्या नाचणीत मर्चा मिसळला की त्यातले सजीव भाजून निघतात. ही चूक सर्वांत जास्त जणींकडून होते आणि सर्वांत उशिरा कळते, कारण त्या दिवशी काहीच दिसत नाही. तीन दिवसांनी टोपली उघडावी तर गोड वासाऐवजी शिळ्या भाताचा वास येतो. आपल्याकडे कढत दुधात विरजण लावणाऱ्या नवशिक्या गृहिणीचे जे होते तेच हे. म्हणून जाणत्या बायका पसरलेल्या नाचणीवर हाताची मागची बाजू टेकवून पाहतात. उन्हाळ्यात नाचणी पूर्ण निवू द्यायची, पण कडाक्याच्या थंडीत जरा कोमट असतानाच मर्चा घालायचा, नाहीतर काम सुरूच होत नाही. इथे तापमापक कामाचा नाही असे नव्हे, पण त्या घरांत तो कधीच नव्हता. हात होता.

तिसरा खड्डा मापाचा. मर्चा शंभर भाग नाचणीला एखाद-दोन भाग इतकाच लागतो. कंजूषपणा केला तर हवेतले भलतेच जंतू आधी बाजी मारतात. जास्त घातला तर लवकर होईल, असे नवख्या सुनेला वाटते. होतेही लवकर, पण जांड कडू होते. मर्चा जुना असला, त्यावर काळे-हिरवे डाग पडले असले तर माप बरोबर असूनही उपयोग नाही. हाटात मर्चा घेणारी बाई वडी आधी हातात तोलते, मग नाकाशी धरते आणि मगच भाव विचारते, ती यासाठी.

चौथा खड्डा सर्वांत फसवा आहे. टोपलीतले पहिले दिवस हवेचे असतात, मडक्यातले नंतरचे दिवस हवाबंद. बुरशीला वाढायला हवा लागते. सुरुवातीलाच नाचणी मडक्यात कोंबून तोंड बांधले तर साखरच होत नाही. उलट साखर झाल्यावर हवा मिळत राहिली तर मद्याचे व्हिनेगर होते. म्हणजे सोमवारी जो नियम तोच गुरुवारी गुन्हा. नेमके केव्हा टोपलीतून मडक्यात जायचे हे घड्याळ सांगत नाही, नाक सांगते. टोपलीभोवती पिकल्या फळासारखा गोड वास दरवळला की वेळ झाली. एखादा दिवस आधी हलवले तर जांड पाणचट, एखादा दिवस उशीर झाला तर आंबट.

आणि पाचवा खड्डा उत्सुकतेचा. मडक्याचे तोंड बांधल्यावर आत काय चालले आहे ते पाहण्याचा मोह कुणाला होत नाही? पण प्रत्येक वेळी तोंड उघडले की हवा आत जाते आणि आंबटपणा एकेक पायरी चढतो. शिवाय तेलकट हात, नीट न धुतलेले मडके, कुबट फडके ही तर नेहमीचीच कारणे. लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लागू न देणाऱ्या आजीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

बिघडलेल्या मडक्याचा वास

या मुलखात हे शिक्षण कागदावर कधीच झाले नाही. मर्चा कसा करायचा हे तर आईने मुलीलाच सांगायचे, घराबाहेर फारसे बोलायचे नाही, अशी रीत. पण सांगण्यापेक्षा बिघडलेल्या मडक्यापाशी उभे करून वास घ्यायला लावणे हीच खरी शाळा. व्हिनेगरचा वास आला तर हवा लागली. उग्र, सडका वास आला तर पाणी निथळले नव्हते. काहीच वास आला नाही तर मर्चा मेला होता. नाकाला हे तीन धडे पाठ झाले की पुढचे मडके सुधारते. ज्या मुलीच्या हातून कधी काही बिघडलेच नाही, तिला जांड का चांगली झाली हेही सांगता येत नाही.

विज्ञानालाही हीच वाट धरावी लागली होती. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरातल्या एका कारखानदाराचे बिटापासून केलेले मद्य वारंवार बिघडू लागले, म्हणून त्याने तिथल्या विद्यापीठातल्या लुई पाश्चर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला गाठले. पाश्चरने चांगल्या आणि बिघडलेल्या, दोन्ही पिंपांतला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. चांगल्यात गोलसर यीस्ट होते, बिघडलेल्यात लांबट, काडीसारखे जंतू. आंबणे ही जिवंत सृष्टीची करणी आहे, हे पुढे त्याने सिद्ध केले. १८७६ मध्ये त्याने खास बीअरवर ग्रंथ लिहिला आणि त्यातही भर होता तो बीअरच्या रोगांवर. सगळी पिंपे चांगलीच निघाली असती तर पाश्चर त्यांच्याकडे वळलाच नसता.

फरक इतकाच की पाश्चरने चुकांची नोंद लिहून ठेवली. दरापच्या आजीने ती हाताच्या मागच्या बाजूत आणि नाकात साठवली.

वाया काहीच जात नाही

एवढ्या मेहनतीची हंडी बिघडली की नाचणी फुकट गेली, असे मात्र नाही. डोंगरातल्या शेतात मक्याच्या ओळींत रोपे लावून, पावसाळाभर निंदणी करून, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकेक कणीस हाताने खुडून आणलेले हे धान्य. ते टाकून देणे कुणालाच परवडत नाही. पिऊन उरलेला चोथा काय आणि मडक्यात आंबून गेलेली नाचणी काय, डुकरांना आणि गुरांना दोन्ही चालतात. म्हणून चुकीची किंमत मोजावी लागते, पण ती घर बुडवणारी नसते. शिकण्यासाठी असे वातावरण लागते. जिथे एका चुकीने सर्वस्व जाते तिथे माणूस नवे काही करून पाहण्याचे धाडसच करत नाही.

खरी किंमत असते ती अब्रूची. लिंबू समाजात तोंगबा पाहुण्याचा मान आहे. लग्न ठरवायला आलेले सोयरे, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास नवे धान्य देवाला वाहण्याचा चासोक तांगनाम हा सण, घरातले मर्तिक, कुठल्याही प्रसंगी तोंगबा लागतोच. सोयऱ्यांपुढे आंबट तोंगबा गेला तर कुणी तोंडावर बोलत नाही. मंडळी एकदा नळी ओठांना लावून खाली ठेवतात आणि पुन्हा पाणी मागत नाहीत. एरवी एका तोंगबात दोन-तीन वेळा गरम पाणी घालून पितात. म्हणून पाहुण्याने दुसऱ्यांदा पाणी मागणे ही यजमानिणीला मिळालेली पावती समजायची.

आता शिकणार कोण?

मेल्लीला नदीकाठी युकसम ब्रुअरीज हा बीअरचा कारखाना आहे. हिंदी चित्रपटांतला गाजलेला खलनायक डॅनी डेन्झोंगपा याने १९८७ मध्ये तो सुरू केला. डॅनी मूळचा युकसमचा, म्हणून कारखान्याला गावाचे नाव. त्याच युकसमला १६४२ मध्ये सिक्कीमच्या पहिल्या राजाचा, म्हणजे चोग्यालचा, राज्याभिषेक झाला होता. कारखान्याच्या बाटलीची चव जानेवारीत आणि जूनमध्ये सारखीच असते. तिथे तापमान यंत्र सांभाळते, यीस्ट प्रयोगशाळेतून येते आणि चूक झालीच तर ती गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. तोंगबाचे तसे नाही. एका घरचा तोंगबा गोडसर, शेजारच्या घरचा तिखट, आणि त्याच घरचा पुढच्या महिन्यात आणखी वेगळा.

बाटली सोयीची, म्हणून तरुण मंडळी तिकडे वळली तर त्यात नवल नाही. मुली शिकून गंगटोकला, सिलिगुडीला, दिल्लीला नोकरीसाठी जातात, आणि ते चांगलेच आहे. आठ दिवस मडक्याभोवती घोटाळायला त्यांना वेळ कुठून असणार? मर्चा हाटात विकत मिळतो तोवर काही अडत नाही. पण मर्चा करणारे हातच कमी झाले तर? जुन्या मर्चाची चिमूट नव्यात घालत घालत ही साखळी इथवर आली आहे. एखाद्या घरात ती तुटली तर शेजारणीकडून वडी आणता येते. गावेच्या गावे थांबली तर मात्र कुठली वनस्पती किती घालायची, नेचा कुठला अंथरायचा, माळ्यावर ऊब किती हवी, या सगळ्या चुका पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतील. प्रयोगशाळेत जंतू जपून ठेवता येतात. हाताच्या मागच्या बाजूचा अंदाज तसा जपता येत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे घरात सहज मिळते त्याचे व्यसनही सहज लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मद्य घेणाऱ्या स्त्रियांच्या प्रमाणात अरुणाचल प्रदेशाखालोखाल सिक्कीमचा क्रमांक होता. बाळंतिणीला ताकद यावी म्हणून जांड देण्याची चालही तिथे आहे. नाचणी बाळंतिणीला चांगली हे आपणही मानतो, पण अंगावर पाजणाऱ्या आईने मद्य घेऊ नये, असाच डॉक्टरांचा सल्ला असतो. जुन्या चालीतले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हाही चुकांमधूनच शिकण्याचा भाग आहे.

२०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. त्याआधी २०१६ मध्ये सिक्कीम हे देशातले पहिले संपूर्ण सेंद्रिय शेतीचे राज्य म्हणून जाहीर झाले होते. त्यामुळे नाचणीला पुन्हा थोडा भाव आला आहे. दरापसारख्या गावांत येणारे पाहुणे चुलीपाशी बसून "हे कसे करतात?" असे विचारू लागले आहेत. पाहुणा विचारतो म्हणून घरातली नात आजीला विचारते, अशी उलटी गंगाही कधी कधी वाहते, आणि ती वाहिली तर बरेच.

जाणाऱ्यांसाठी

न्यू जलपायगुडी स्टेशन किंवा बागडोगरा विमानतळावरून जीपने पेलिंगला पाच-सहा तास लागतात. सिलिगुडीहून सामायिक जीपही मिळतात. पावसाळ्यात दरडी कोसळून तिस्ताकाठचा रस्ता वारंवार बंद पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर टाळावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ असते आणि शेतात नाचणी पिकत आलेली असते. डिसेंबरात थंडी कडक, पण तोंगबाचा खरा मोसम तोच. पेलिंग, दराप, युकसम या भागासाठी भारतीय पर्यटकांना वेगळा परवाना लागत नाही. मात्र ओळखपत्र जवळ ठेवावे. दरापमध्ये कुटुंबासह राहायचे असेल तर आधी कळवून जावे, कारण घरे मोठी नसतात.

तोंगबा न पिणाऱ्यांनी संकोच करू नये. नम्रपणे नाही म्हटले तर कुणी रागवत नाही, आणि चुलीवरचा चहा असतोच. पिणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की त्यातले मद्य साध्या बीअरइतके, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास असते. गरम आणि गोडसर असल्याने ते चढताना कळत नाही. उकळते पाणी ओतू नये, सोसवेल इतके गरम पुरे. नळीच्या खालच्या टोकाशी बाजूला बारीक छिद्र असते, त्यातून पाणी येते आणि दाणे आतच राहतात. ढवळले की दाणे त्या छिद्रात अडकतात.

हाटातून मर्चाच्या दोन वड्या आणून घरी प्रयोग करण्याचा मोह कुणाला झाला, तर महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे गुन्हा आहे, हे विसरू नये. त्यापेक्षा नाचणीची आंबील करावी. रात्री पीठ भिजवायचे, सकाळी ताक घालून शिजवायचे. एखाद्या वेळी ती जास्त आंबते, एखाद्या वेळी गुठळ्या होतात. तेव्हा ती ओतून टाकण्याआधी एकदा वास घेऊन पाहावा आणि काय चुकले ते घरातल्या मोठ्या बाईला विचारावे. दरापच्या चुलीपाशी शिकायचे ते एवढेच आहे, आणि त्याला परवाना लागत नाही.